‘होमवर्क’ घरी झाला, म्हणजे नेमके काय झाले?

कोल्हापूरच्या एका तरुण संगीतकाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दहा बाय बाराच्या खोलीत, एका लॅपटॉपवर त्यांनी तीन वर्षांत ११ नृत्यरचना तयार केल्या आहेत आणि ८०,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचा ‘होमवर्क’ हा पहिला अल्बम झोपायच्या खोलीत, स्वस्त उपकरणांवर झाला, असे त्यांच्या वाचनात आले. तेव्हा आपल्यालाही स्टुडिओची गरज नाही ना, त्या अल्बममधला श्वास घेतल्यासारखा खालीवर होणारा आवाज कशाने मिळतो, आणि रचना एकेक करून प्रसिद्ध कराव्यात की अल्बम काढावा, असे त्यांनी विचारले आहे.

मी पुण्यात २२ वर्षे मिक्सिंग (रचनेतले वेगवेगळे आवाज योग्य प्रमाणात जुळवणे) आणि मास्टरिंगचे (प्रसिद्धीआधी तयार रचनेवर शेवटचा हात फिरवण्याचे) काम करतो आहे. ‘होमवर्क’ मी किती वेळा ऐकला याची मोजदाद नाही, कारण हा अल्बम मला कामाच्या खोलीत मोजपट्टीसारखा उपयोगी पडतो. नवे स्पीकर आले, खोलीतली गादी हलवली, कान थकले असे वाटले, की मी तोच लावतो. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. ‘घरी केला’ या दोन शब्दांत मोठा घोटाळा आहे आणि तो घोटाळा उराशी धरून तुम्ही पैसे खर्च केलेत, तर ते चुकीच्या जागी जातील, असे मला मनापासून वाटते.

आधी काळाचा हिशेब नीट मांडू. तोमा बांगाल्तेर आणि गी-मानुएल द ओमेम-क्रिस्तो हे दोघे १९८७ मध्ये पॅरिसच्या लिसे कार्नो या शाळेत भेटले. त्यांचा पहिला उद्योग नृत्यसंगीताचा नव्हताच. लोरां ब्रांकोवित्झ या मित्रासह त्यांनी ‘डार्लिन’ नावाचा गिटारचा बँड काढला होता आणि ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश साप्ताहिकातल्या समीक्षकाने त्यांच्या वादनाची वासलात लावताना जे दोन शब्द वापरले, तेच पुढे त्यांनी नाव म्हणून उचलले. १९९३ मध्ये पॅरिसजवळच्या युरोडिस्ने इथे झालेल्या एका रेव्हमध्ये, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नृत्यमेळाव्यात, त्यांची गाठ ग्लासगोच्या ‘सोमा’ या छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या संस्थापकांपैकी एकाशी पडली आणि त्यांनी आपली टेप त्याच्या हाती ठेवली. १९९४ मध्ये ‘सोमा’ने त्यांची पहिली रेकॉर्ड काढली, १९९५ मध्ये ‘डा फंक’ आली, १९९६ मध्ये व्हर्जिन या मोठ्या कंपनीशी करार झाला आणि जानेवारी १९९७ मध्ये ‘होमवर्क’ प्रसिद्ध झाला. तेव्हा दोघेही बाविशीत होते.

बांगाल्तेर यांनी स्वतः सांगितले आहे की अल्बम काढायचा असे काही ठरलेले नव्हते. सुट्या रचनाच काढायच्या होत्या, पण पाच महिन्यांत इतक्या झाल्या की आपल्या हाताशी एक अल्बम आहे हे त्यांच्या लक्षात आले. हे पाच महिने लोकांच्या ध्यानात राहतात. त्यामागे रेकॉर्ड नाचणाऱ्यांसमोर वाजवून पाहण्याची तीनएक वर्षे आहेत, हे कोणी सांगत नाही. अल्बममधली पंधरावी रचना ‘अलाइव्ह’ ही त्यांच्या १९९४ च्या पहिल्याच रेकॉर्डमधून वाढलेली आहे. म्हणजे १९९७ मध्ये तुमच्या-माझ्या हाती जे आले, त्यातला काही माल तोवर तीन वर्षे मुरलेला होता. तुमच्या ११ रचनांपैकी किती रचना तुम्ही मोठ्या स्पीकरवर, अनोळखी माणसे नाचत असताना ऐकल्या आहेत, हा माझा तुम्हाला पहिला प्रश्न आहे. मनातल्या मनात त्याचे खरे उत्तर द्या आणि मग पुढे वाचा.

आता उपकरणे. रोलंड कंपनीची टीआर-९०९ ही ड्रम मशीन १९८३ मध्ये आली, सुमारे १०,००० नग तयार झाले आणि दोनेक वर्षांत तिचे उत्पादन बंद पडले, कारण तिचा आवाज खऱ्या ढोलताशांसारखा, म्हणजे त्या काळच्या भाषेत ‘अस्सल’, नव्हता. टीबी-३०३ या चंदेरी डब्याची गत तीच झाली. गिटारवाल्याला सरावासाठी बेसची, म्हणजे खालच्या स्वरांची, साथ मिळावी म्हणून तो काढला होता. तो कोणाला आवडला नाही आणि जुन्या बाजारात मातीमोल विकला गेला. शिकागोच्या तरुणांनी तो स्वस्तात उचलला, बटणे नको तेवढी पिळली आणि १९८७ पर्यंत त्यातून ॲसिड हाऊस नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार उभा राहिला. डाफ्ट पंकने ही यंत्रे वापरली, कारण ज्या संगीतावर त्यांचा जीव जडला होता ते या यंत्रांवर झाले होते, आणि नव्वदीच्या सुरुवातीला ती एखाद्या विद्यार्थ्याला परवडत होती. आज त्याच जुन्या ९०९ साठी लोक काही लाख रुपये मोजतात. तेव्हा ‘डाफ्ट पंकसारखे काम करायचे’ म्हणून आज ते यंत्र विकत घेणे म्हणजे त्यांनी जे केले त्याच्या नेमके उलट करणे आहे.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती आपल्या घरची आहे. शिकागोच्या पाच वर्षे आधी, १९८२ मध्ये, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी मुंबईत एक रेकॉर्ड ध्वनिमुद्रित केली. तिच्यात हीच टीबी-३०३, तिच्या जोडीला टीआर-८०८ ही ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले आहेत. त्या वेळी ती कोणी फारशी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले. सिंग यांना हा नवा आवाज काढायचा होता असे नाही. रागातली मींड आणि सलग धावणारी सुरावट यंत्राकडून कशी वदवता येईल, एवढेच ते शोधत होते. ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती आणि तिने त्यांचे काम भागले. यंत्राकडे असे बघावे लागते: आपल्या मनात आधी काय वाजते आहे आणि या डब्यातून त्यातले किती निघेल.

आता त्या श्वास घेणाऱ्या आवाजाकडे येतो. ही या अल्बमची सर्वांत जास्त नक्कल झालेली आणि सर्वांत कमी समजून घेतलेली गोष्ट आहे, म्हणून इथे थोडा थांबणार आहे. कंप्रेसर म्हणजे काय, तर ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज आपोआप दाबणारे यंत्र. गायकाचा आवाज एकसारखा राहावा, ड्रमचा एखादा फटका अंगावर येऊ नये, यासाठी स्टुडिओत ते अदबीने वापरतात. ते चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये, अशी शिकवण असते. या दोघांकडे अलेसिस ३६३० नावाचा दोन चॅनेलचा कंप्रेसर होता. तो स्वस्त होता आणि मोठ्या स्टुडिओतले लोक त्याला नाक मुरडत, कारण तो चालू आहे हे लगेच कळे. त्यांनी हा दोषच कामाला लावला. किक, म्हणजे ड्रमचा सर्वांत खालचा ठोका, आणि बाकीचे संगीत एकत्र त्या यंत्रातून जाऊ दिले. किकचा ठोका सर्वांत जड, त्यामुळे तो पडला की यंत्र जागे होते आणि सगळे संगीत खाली दाबते. ठोका सरला की ते संगीत हळूहळू पुन्हा वर येते. कल्पना करा की पखवाजावर थाप पडताक्षणी तंबोऱ्याचा नाद दबतो आणि पुढच्या थापेपर्यंत पुन्हा भरून येतो. वरातीतल्या डीजेच्या गाडीवर स्पीकर ताकदीबाहेर ओढले गेले की असेच होते, हेही तुम्ही ऐकले असेल. तिथे ते नकळत होते, इथे ठरवून.

सारी कला या ‘हळूहळू’मध्ये आहे. याच अल्बममधल्या ‘अराउंड द वर्ल्ड’ची लय मिनिटाला १२१ मात्रांच्या आसपास आहे, म्हणजे एक मात्रा साधारण ४९६ मिलिसेकंदांची. दबलेले संगीत वर यायला किती वेळ घेईल ते कंप्रेसरचे रिलीजचे बटण ठरवते. हा वेळ २५० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवला, तर संगीत अर्ध्या मात्रेवर, म्हणजे उघडी हाय-हॅट (ड्रममधली झांज) वाजते नेमक्या त्या जागी, पूर्ण वर आलेले असते. हॅट आपोआप पुढे झेपावते आणि माणसाची मान हलते. वेळ याहून लांबवला तर संगीत वर यायच्या आत पुढचा ठोका पडतो आणि सगळेच मेलेले वाटते. फार कमी केला तर स्वरांना खरखर लागते.

२००३ मध्ये मी लॅमिंग्टन रोडवरून एक जुना ३६३० घेतला होता. रात्री घरचे झोपल्यावर हेडफोन लावून एक किक आणि एकच चार स्वरांची कॉर्ड त्याच्यातून फिरवत बसलो. त्याच्या तोंडावर बारीक दिव्यांची एक रांग आहे; आवाज जितका दाबला जातो तितके दिवे लागतात. रिलीजचे बटण किंचित किंचित फिरवताना एका जागी ती दिव्यांची रांग ठेक्याबरोबर भरू आणि विझू लागली, आणि ती कॉर्ड, जी तासभर नुसती पसरून पडली होती, चालायला लागली. त्या रात्री मी आणखी काही वाजवले नाही. तुम्हाला प्लगइनचे, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायच्या एखाद्या तयार यंत्राचे, नाव हवे आहे. पण तुमच्या सॉफ्टवेअरसोबत फुकट आलेला साधा कंप्रेसर या कामाला पुरेसा आहे. एक किक, एक कॉर्ड घ्या, पडद्यावरचा आलेख झाका आणि कानाने ती जागा शोधा. एक सूचना मात्र करतो: प्रत्येक रचनेत हे करू नका. याच अल्बममध्ये ‘डा फंक’ ऐका. ती मिनिटाला १११ मात्रांच्या आसपास चालते, म्हणजे हाऊस या नृत्यसंगीताच्या मानाने रेंगाळत, आणि तिचा जोर जाड, मळकट सुरावटीत आणि ठणठणीत ड्रममध्ये आहे. त्या काळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे संथ रॅप गाजत होते. तसे काहीतरी करावे आणि आवाज होईल तितका गढूळ करावा, असा त्यांचा विचार होता, असे बांगाल्तेर यांनी सांगितले आहे. रॅप झाले नाही. जे झाले ते आधी कोणी केलेले नव्हते.

संयोजनाबद्दल मला याहूनही महत्त्वाचे सांगायचे आहे. ‘अराउंड द वर्ल्ड’ सात मिनिटे नऊ सेकंदांची आहे. शीर्षकाचे तीन शब्द तिच्यात १४४ वेळा येतात आणि त्यांखेरीज एकही शब्द नाही. चार मात्रांचे एक आवर्तन धरले तर एवढ्या वेळात सुमारे २१६ आवर्तने होतात आणि शब्द एका आवर्तनात एकदा येतात. म्हणजे रचनेच्या दोन-तृतीयांश भागात तेच ते ऐकू येते. तरी कंटाळा येत नाही, याचे कारण ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने मिशेल गोंड्री यांनी केलेले तिचे चित्रीकरण आवाज बंद ठेवून पाहावे. त्यात पाच प्रकारची माणसे एका गोल मंचावर चालतात आणि प्रत्येक प्रकार म्हणजे एक वाद्य. यंत्रमानव म्हणजे गाणारा आवाज, खेळाडू म्हणजे बेस, पोहण्याच्या वेशातल्या मुली म्हणजे कीबोर्ड, सांगाडे म्हणजे गिटार, ममी म्हणजे ड्रम मशीन. नृत्यरचना ब्लांका ली यांची आहे. बेस वर चढला की खेळाडू पायऱ्या चढतात, उतरला की उतरतात. हे संयोजनाचे चालते-बोलते नोटेशनच आहे आणि ते बघताना कळते की पाच गोष्टींच्या वर इथे काही नाही. मात्र कोण कधी आत येणार आणि कोण कधी निघून जाणार हे काटेकोर ठरलेले आहे. बेसची सुरावट इतकी चालती-फिरती आहे की वरचे शब्द स्थिर राहिले तरी चालते. दोन्ही चालते असते तर गोंधळ झाला असता आणि दोन्ही स्थिर असते तर झोप आली असती.

तुमच्यासारखे तरुण माझ्याकडे काम घेऊन येतात तेव्हा एका रचनेत ४०, कधी ६० ट्रॅक, म्हणजे एकावर एक रचलेले स्वतंत्र आवाज, असतात. प्रत्येक ट्रॅक एकेकटा ऐकला तर सुरेख असतो. मागच्या पावसाळ्यात एका मुलाची ४६ ट्रॅकची रचना मी त्याच्यासमोर बसून ९ ट्रॅकवर आणली. सुरुवातीला त्याचा चेहरा उतरला, कारण ज्या आवाजावर त्याने चार रात्री घालवल्या होत्या तोच मी बंद केला होता. मग त्याने स्वतःच उठून आवाज वाढवला. लॅपटॉपवर ट्रॅक फुकट मिळतात, पण ऐकणाऱ्याच्या कानात जागा तेवढीच असते. नव्वदच्या दशकात हाऊस करणाऱ्यांच्या टेबलावर हमखास दिसणाऱ्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रात) एकूण सुमारे दहाच सेकंदांचा आवाज मावत असे. दहा सेकंदांत काय ठेवायचे हे ठरवताना माणूस आपोआप कठोर होतो. तुम्हाला तो कठोरपणा स्वतःवर लादून घ्यावा लागेल.

आता अल्बम की सुट्या रचना. ‘होमवर्क’मध्ये १६ रचना आहेत, सगळ्या मिळून ७४ मिनिटांच्या जवळपास, आणि त्यांचा क्रम दोन रेकॉर्डच्या चार बाजू डोळ्यांसमोर ठेवून लावलेला आहे. रचना आधी झाल्या, क्रम नंतर लागला. कोणतीही कथा वा विषय आधी ठरलेला नव्हता. तरी पहिली बाजू ऐका. मैफलीतल्या एका तुकड्याने दार उघडते, मग अमेरिकी एफएम केंद्राच्या उद्घोषणेसारखा अर्ध्या मिनिटाचा तुकडा येतो, मग ‘रेव्होल्यूशन ९०९’. तिच्या सुरुवातीला कुठेतरी भिंतीपलीकडे चाललेली मेजवानी ऐकू येते, पोलिसांचे भोंगे वाजतात, संगीत बंद करून घरी जाण्याचा हुकूम होतो. त्या वर्षांत फ्रान्समध्ये रेव्हवर पोलिसी बडगा उगारला जात होता आणि हा त्याला दिलेला जबाब आहे: हुकूम होतो आणि पाठोपाठ ठेका सुरू होतो. मग ‘डा फंक’. तुम्ही ज्या रचनेला तुमची सर्वोत्तम रचना समजता ती पहिली ठेवण्याचा मोह होईल. या जोडीने आपली तोवरची सर्वांत गाजलेली रचना चौथी ठेवली, कारण तिच्यासाठी आधी खोली तापवावी लागते. अल्बमची शेवटची ‘फंक ॲड’ म्हणजे तीच ‘डा फंक’ उलटी वाजवलेली, जेमतेम मिनिटाची. बैठकीत मध्य लयीचा ख्याल केव्हा आणि भैरवी केव्हा, हे ज्या जाणिवेने ठरते तीच जाणीव इथे आहे.

सगळेच वाखाणण्यासारखे नाही, हेही सांगतो. तिसऱ्या बाजूवरची ‘रॉक अँड रोल’ साडेसात मिनिटे चालते आणि माझ्या मते तिच्यात चारच मिनिटांचा ऐवज आहे. ‘ओह या’ नसती तरी अल्बमचे काही अडले नसते. उलट ‘रोलिन अँड स्क्रॅचिन’ ही कर्कश रचना अनेकांना सहन होत नाही, पण मला ती अल्बमचा कणा वाटते. ‘अराउंड द वर्ल्ड’च्या गोडव्यानंतर तीच बाजू त्या घासल्यासारख्या आवाजाने संपते, म्हणून तो गोडवा चिकट होत नाही. सुट्या रचना काढणाऱ्याला ही सोय नसते. ज्या रचनेला एकटी उभी राहता येत नाही, पण दोन रचनांच्या मध्ये ठेवली तर दोघींनाही उठाव देते, अशी एखादी तुमच्या ११ मध्ये असेल, तर अल्बमचा विचार करा. नसेल तर एकेक रचना काढा, त्यात कमीपणा काही नाही.

स्टुडिओच्या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत आहे. संगीत घरी करा. पण ‘होमवर्क’ पूर्णपणे घरी झाला नाही, हे ध्यानात घ्या. मास्टरिंगसाठी तो लंडनच्या ‘द एक्स्चेंज’मध्ये गेला आणि ते काम नीलेश पटेल या तंत्रज्ञाने केले; पुढे या जोडीच्या दुसऱ्या अल्बमचे मास्टरिंगही त्यांनीच केले. २०११ मध्ये ते गेले. आमच्या व्यवसायात पडद्यामागची माणसे फार लवकर विसरली जातात, म्हणून हे नाव मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. घरच्या खोलीत झालेल्या कामावर शेवटचे कान दुसऱ्या माणसाचे आणि दुसऱ्या खोलीतले असावे लागतात, याचे कारण खोलीच आहे. दहा बाय बाराच्या खोलीत, समोरासमोर सिमेंटच्या भिंती असताना, ५० ते ६० हर्ट्झच्या आसपासचे खालचे स्वर खोलीच्या एका कोपऱ्यात दुप्पट आणि मधोमध जवळजवळ नाहीसे ऐकू येतात. नृत्यसंगीताची किक नेमकी याच पट्ट्यात असते. म्हणजे तुम्ही बसता तिथे किक कमी ऐकू येते, तुम्ही ती वाढवता आणि मंडपात ती सगळे गिळून टाकते. तुमची खुर्ची समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्के अंतरावर आणा, मागच्या भिंतीशी कापसाच्या दोन जाड गाद्या उभ्या करा, कपड्यांचे उघडे कपाट कोपऱ्यात राहू द्या. याला खर्च जवळपास नाही. किकची पातळी शेवटी हेडफोनवर आणि एकदा एखाद्या मित्राच्या गाडीत तपासा.

तुम्ही लिहिले आहे की एका रचनेत मिरवणुकीतल्या ढोल-ताशाचे ध्वनिमुद्रण आहे आणि दुसरीत जुन्या चित्रपटगीताच्या दोन ओळी. ‘होमवर्क’मध्येही उसने आवाज आहेत, ‘इंडो सिल्व्हर क्लब’मध्ये कॅरन यंग यांच्या १९७८ च्या ‘हॉट शॉट’चा तुकडा आहे आणि त्याचा उल्लेख अल्बमवर छापलेला आहे. चित्रपटगीताच्या ओळी वापरायच्या तर ध्वनिमुद्रणाचा हक्क आणि गीत-संगीताचा हक्क अशा दोन स्वतंत्र परवानग्या लागतात, आणि त्या मिळेपर्यंत ती रचना प्रसिद्ध करू नका. ढोल-ताशाच्या पथकाला जाऊन भेटा, लेखी संमती घ्या आणि अल्बमवर पथकाचे नाव घाला. आपल्याकडे गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात जातो. या अल्बममधली ‘टीचर्स’ ही रचना मला नेहमी त्याच भावनेची वाटते: दुसरे काही नाही, फक्त ज्यांच्याकडून शिकलो त्यांची नावे एकामागून एक, शिकागोच्या पॉल जॉन्सन आणि डीजे पिअरपासून डॉ. ड्रे, जॉर्ज क्लिंटन, ब्रायन विल्सनपर्यंत. त्या यादीतले रोमँथनी आणि टॉड एडवर्ड्स २००१ च्या दुसऱ्या अल्बममध्ये प्रत्यक्ष त्यांच्यासोबत गायले.

एक मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण तो मला टाळता येणार नाही. बांगाल्तेर यांचे वडील डॅनिएल व्हांगार्द हे स्वतः डिस्कोच्या जमान्यातले यशस्वी निर्माते होते आणि अल्बमवर त्यांचे आभार मानलेले आहेत. मोठ्या कंपनीशी करार करताना या दोघांनी मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी आपल्याच संस्थेकडे ठेवली आणि व्हर्जिनला ती वितरणासाठी परवान्यावर दिली. ज्या कंपन्यांना जास्त ताबा हवा होता त्यांना त्यांनी नकार दिला. २००९ मध्ये मी एका कंपनीच्या कागदावर न वाचता सही केली आणि सात रचना कायमच्या गमावल्या. आजही त्या माझ्या नावाशिवाय वाजतात. म्हणून सांगतो, कागदावर ‘हस्तांतरण’ लिहिले आहे की ‘परवाना’, हे आधी बघा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. म्हणूनच कंपन्या ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द आवर्जून लिहितात. ते दोन शब्द दिसले की सही न करता घरी या आणि वकिलाला दाखवा.

तुमच्या ८०,००० रुपयांचे माझ्या मते असे करावे. नवे प्लगइन, नवे यंत्र काहीही घेऊ नका. पुढचे तीन महिने नवी रचना सुरू करू नका. ११ पैकी प्रत्येक रचना दहा ट्रॅकच्या आत आणून पाहा आणि ज्या रचनेत ते जमत नाही ती बाजूला ठेवा. ज्या उरतील त्या घेऊन तुमच्या भागातल्या एखाद्या साउंडवाल्याकडे जा, मोकळ्या दिवशी त्याचे स्पीकर दोन तास भाड्याने घ्या, मैदानात लावा आणि स्वतः ३० फूट लांब उभे राहून ऐका. वही जवळ ठेवा. त्यानंतर जे मिक्स पक्के होतील त्यांवर लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर अडवणारे साधन) न लावता, वर सहा डेसिबलची जागा सोडून, २४ बिटच्या फाइल मास्टरिंगला पाठवा. पाठवायच्या आधी एकदा सगळे एकाच चॅनेलवर, मोनोमध्ये, ऐका. ‘अराउंड द वर्ल्ड’चा बेस मोनोमध्येही जसाच्या तसा उभा राहतो, तुमचा बेस तिथे नाहीसा होत असेल, तर फाइल पाठवू नका, परत रचनेकडे जा.